न केलेल्याचं फळ

सांगलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी एचआयव्हीची समुपदेशक होते. ‘पूर्वजन्मीचं पाप’ हे शब्द तिथं सासवांच्या तोंडून जितके ऐकले, तितके कीर्तनातही ऐकले नाहीत. बोलणं सुरू व्हायचं बाळावरून आणि येऊन थांबायचं सुनेवर. आजार घरात बहुतेक वेळा मुलानं आणलेला असायचा. त्याचं कर्म कुणी काढत नसे.

माझे वडील पोटासाठी भिक्षुकी करत आणि आवडीनं न्यायशास्त्र वाचत. ज्यानं केलं नाही त्याच्या वाट्याला फळ येणं, याला आपले जुने तार्किक अकृताभ्यागम म्हणत आणि सिद्धांतातला दोष मानत, हे त्यांच्याकडून कळलं. याज्ञवल्क्यस्मृतीत तर बापानं दारू, जुगार आणि बाईपायी केलेलं कर्ज मुलानं फेडू नये असं स्वच्छ सांगितलंय. कर्जातून सुटलेल्या मुलाला आजारात मात्र आपण जामीन धरतो.

कुणी म्हणेल, बाळाचं स्वतःचंच संचित असेल. असेलही. पण काहीच उपचार नसले तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते, बाकीची तशीच सुटतात. आईनं रोज गोळ्या घेतल्या, बाळाला नेविरापिनचं औषध पाजलं, की आकडा पाचाच्या खाली येतो. सुरुवातीला, २००२ च्या सुमारास, कळा सुरू झाल्यावर आईला एकच गोळी दिली जाई. २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर बाईला, रक्तातल्या सीडी-फोर पेशी कितीही असोत, एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधं, कायमची सुरू झाली. सरकारी परिपत्रकानं संचित घटतं, हे काही मला पटत नाही. ‘गोळी मिळणं हेही नशीबच’ म्हणावं, तर मग नशिबात न बसणारं उरतं काय?

आईचा प्रश्न याहून अवघड. ‘मॅडम, माझ्याकडूनच गेलं ना?’ उत्तर ‘हो’ असतं. वार गर्भाला पुष्कळ सांभाळते. लागण जास्त करून बाळंतपणात होते, नंतर अंगावरच्या दुधातून. खोटं मी कधी सांगितलं नाही. पण न्यायशास्त्रात कर्ता ठरायला ज्ञान, करायची इच्छा आणि प्रयत्न, तिन्ही लागतात. आजार ठाऊकच नसलेल्या बाईपाशी यातलं एकही नव्हतं. तिच्या देहातून तो गेला, तिनं दिला नाही. हे मी अनेकींना सांगितलं. काहींना पटलं, काही नुसत्या ऐकून घेत.

एकीपाशी मात्र ज्ञान होतं. तपासणी वेळेत झाली होती, गोळ्या मिळाल्या होत्या. सासरी कळू नये म्हणून तिनं बाटली तांदळाच्या डब्यात लपवली आणि स्वयंपाकघर रिकामं मिळेल तेव्हाच गोळी घेतली. ते रोज मिळत नसे. मूल बाधित निघालं. तिच्या बाबतीत तुमचं शास्त्र काय म्हणतं, असं मी वडिलांना विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आधी तिच्या घरात कोण कोण आहे ते सांग.’