मासा कुठे चाललाय?

आजचे वाचन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ९. अवधूताचा गुरू, कुरर पक्षी.



काल आपण पिंगलेपाशी थांबलो होतो. आज नवव्या अध्यायात शिरलो की पहिलाच गुरू भेटतो तो कुरर. गोष्ट दोन ओळींची आहे. कुरराच्या चोचीत मांसाचा तुकडा होता. ज्यांच्याकडे काही नव्हतं असे दुसरे दांडगे पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकून दिला, आणि तो सुखी झाला. अवधूत यदुराजाला सांगतो, माणसाला जे जे फार प्रिय वाटतं त्याचा संग्रह हेच दुःखाचं मूळ. हे समजून जो अकिंचन होतो, तो सुखी.

इतकी वर्षं हे वाचलं की मी मान डोलवायचो आणि पुढच्या गुरूकडे वळायचो. या वेळी तसं जमलं नाही. कारण गेल्या शनिवारी हा सगळा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला.

आधी एक शंका. कुरर म्हणजे नेमका कोण? आपल्याकडच्या चोवीस गुरूंच्या बऱ्याच याद्यांमध्ये टिटवी लिहिलेलं असतं. पण टिटवी जमिनीवरचे किडे टिपणारी, ती मांसाचा तुकडा घेऊन कुठे उडणार? संस्कृत कोश काढला तर कुरर म्हणजे मासे मारून खाणारा शिकारी पक्षी, इंग्रजीतला ऑस्प्रे. हिवाळ्यात तो आपल्याकडच्या मोठ्या जलाशयांवरही येतो. पैठणचा नाथसागर त्यातलाच एक. ज्या नाथांनी या एकादश स्कंधावर टीका लिहिली, त्यांच्याच गावच्या पाण्यावर कुरर उतरतो हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

आता शनिवारचं सांगतो. आमच्या मिनेसोटात एप्रिलच्या मध्यात बर्फ गेलेला असतो, पण झाडांना पालवी नसते. बाल्ड ईगलची घरटी बघायला हाच काळ चांगला. ब्लूमिंग्टनजवळ मिनेसोटा नदीच्या खोऱ्यात राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे. तिथे कॉटनवूडच्या उंच झाडावर, वरच्या दुबेळक्यात, काटक्यांचा एक भला मोठा ढीग दिसतो. तेच घरटं. जोडपं वर्षानुवर्षं तिथेच परत येतं आणि दर वर्षी त्यात नव्या काटक्या घालतं. पाच-सहा फूट रुंदी ही साधी गोष्ट. फ्लोरिडात एक घरटं साडेनऊ फूट रुंद आणि वीस फूट खोल भरलं होतं.

लेकीला घेऊन गेलो होतो. तिथे एक अमेरिकन आजोबा तिवईवर दुर्बीण लावून बसले होते. घरट्यापासून निदान शंभर मीटर लांब राहायचं असा नियम आहे. आम्ही पाण्याच्या अलीकडे, त्याहून बरेच दूर होतो.

मी उत्साहाने आकाशातल्या एका पक्ष्याकडे बोट दाखवलं, "ईगल!" आजोबा हसले. म्हणाले, "पंख बघ. इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेत आणि डुलतोय. ते गिधाड. ईगल उडतो तेव्हा पंख फळीसारखे सपाट असतात."

मग एक सबंध तपकिरी, पोटावर पांढरे डाग असलेला मोठा पक्षी दिसला. आता मी शहाणा झालो होतो. म्हटलं, हा गोल्डन ईगल, याचं डोकं पांढरं नाही. तेही चुकलं. तो बाल्ड ईगलच होता, लहान वयाचा. डोकं आणि शेपूट पांढरीशुभ्र व्हायला त्याला साधारण पाच वर्षं लागतात. तोवर दर वर्षी त्याचा रंग बदलत राहतो. गोल्डन ईगलच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात, याच्या पायाचा खालचा भाग उघडा आणि पिवळा. चोच दांडगी. आणि आवाज? सिनेमात ईगल दाखवताना जी करकरीत आरोळी ऐकू येते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच पक्ष्याची, रेड-टेल्ड हॉकची असते. खरा ईगल बारीक चिवचिवल्यासारखा बोलतो. लेकीला याचं फार हसू आलं.

"पिल्लं कुठेत?" तिने विचारलं. पिल्लं दिसत नव्हती. आजोबांनी तिला दुर्बिणीतून बघायला लावलं. "मोठा पक्षी घरट्यात खोल दबून बसला असेल तर अंडी उबवतोय. पस्तीस दिवस चालतं ते. पण हा बघ, कडेला उभा राहून सारखी मान खाली घालतोय. म्हणजे आत कोणीतरी आहे, आणि हा त्याला घास भरवतोय." पिल्लू न दिसताही पिल्लाची खात्री पटली. मंडळी, भगवंताच्या बाबतीत आपण याहून वेगळं काय करतो?

आणि मग ते घडलं. पाण्यावर एक ऑस्प्रे सूर मारून वर आला. खालून पांढरा, डोळ्यावरून काळी पट्टी, पंख मध्ये मोडल्यासारखे. पंजात मासा. तो जेमतेम वर चढतोय तोच घरट्याजवळच्या फांदीवरून दुसरा ईगल सुटला. दोन घिरट्या, तिसऱ्या झडपेला ऑस्प्रेने मासा सोडला. ईगलने तो हवेतच पकडला. बेंजामिन फ्रँकलिनने १७८४ साली आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात याच सवयीबद्दल बाल्ड ईगलला नावं ठेवली होती. प्रामाणिकपणे पोट भरत नाही म्हणून.

ऑस्प्रेने काय केलं? मागे लागला नाही. आरडाओरडा नाही. अंग झटकलं, एका वाळलेल्या फांदीवर थोडा वेळ बसला, आणि परत पाण्याकडे निघाला.

मी लेकीला अवधूताची गोष्ट सांगायला सुरुवात केली. बघ, त्याने सोडलं आणि तो सुटला. ती ऐकत होती, पण तिची नजर ईगलवर होती. "बाबा, पण तो मासा कुठे चाललाय?"

आजोबांना तिचं मराठी कळलं नसणार, पण तेही तेच बघत होते. मला म्हणाले, घरटं शोधायची हीच युक्ती. ईगल दिसला की ईगलकडे नको, मासा कुठे नेतोय ते बघ. एकट्या फांदीवर नेला तर स्वतःसाठी. सरळ रेषेत एका झाडाकडे गेला तर तिथे घरटं आहे.

मासा घरट्यात गेला. कडेला उभ्या पक्ष्याने मान खाली घातली.

परतीच्या वाटेवर गाडीत मी गप्पच होतो. कारण माझ्याही पंजात एक मासा आहे, गेले चार महिने.

सातारा जिल्ह्यात आमचं गावचं घर आहे. बाबा गेल्यावर ते दादाच्या आणि माझ्या नावावर झालं. दादा तिथेच राहतो. आई-बाबांचं शेवटचं सगळं त्याने आणि वहिनींनी केलं, मी विमानाची तिकिटं काढत राहिलो. मागची पडवी गळते, ती पाडून त्याला तिथे दोन खोल्या बांधायच्यात. त्यासाठी त्याने तेवढ्या भागाचं हक्कसोडपत्र मागितलं. मी नाही म्हणालो. वर ऐकवलं, "माझ्या मुलीसाठी ठेवतोय मी ते." त्यानंतर आमचं बोलणं सणाच्या शुभेच्छांपुरतं उरलं. रात्री कोड लिहिताना मध्येच मला त्याचे मेसेज आठवायचे, आणि मी मनात उत्तरं रचत बसायचो. चार महिने चोचीत तुकडा, आणि चार महिने झोप नाही.

"मुलीसाठी." तिने ते घर दोनदा पाहिलंय. मासा घरट्याकडे चाललाय असं मी सगळ्यांना सांगत होतो, स्वतःलाही. खरं तर तो एका वाळक्या फांदीवर चालला होता. तिथे बसून मला एकट्यालाच तो धरून ठेवायचा होता. खायचाही नव्हता.

इथे मला कुरराची गोष्ट पहिल्यांदा नीट कळली असं वाटतं. अवधूत सगळ्यांना सगळं टाकून द्यायला सांगत नाही. घरट्यातल्या ईगलने मासा टाकला तर पिल्लू उपाशी राहील, त्याला कोणी वैराग्य म्हणणार नाही. नाथ स्वतः पैठणात प्रपंच करत होते, दारी आलेल्याला जेवू घालत होते. तो घास त्यांनी टाकला नाही, वाढला. आणि दुसऱ्या टोकाला सातव्या अध्यायातला कपोत आहे. घरट्याच्या मोहात तो जाळं दिसत असूनही त्यात उडी घेतो. म्हणजे घरटं हेही प्रत्येक वेळी खरं कारण असतं असं नाही. ओळख पटवावी लागते. लांबून मासा सारखाच दिसतो. तो कर्तव्याचा आहे की अहंकाराचा, हे माशावरून कळत नाही. तो कुठे चाललाय त्यावरून कळतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण या कथेचा गैरवापर आपल्या घरांमध्ये होतो. बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना त्यांना त्यागाच्या गोष्टी सांगितल्या जातात. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच वाटा दिला आहे. तिला कुरर व्हायला सांगणारे आपण त्या गोष्टीत कोण असतो? तुटून पडणारे पक्षी. सोडणं हे ज्याचं त्यानेच, आपल्या पंजाकडे बघून ठरवायचं असतं. दुसऱ्याने ओरबाडलं तर त्याला त्याग म्हणत नाहीत.

आणि सोडल्याने काय होतं याचं एक उदाहरण त्या झाडावरच होतं. १९६३ मध्ये अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेत बाल्ड ईगलची अवघी ४१७ जोडपी मोजली गेली होती. डीडीटी माशांतून त्यांच्या पोटात जायचं, अंड्यांची कवचं पातळ व्हायची, उबवताना फुटायची. १९७२ मध्ये या देशाने ते विष शेतांवर फवारणं सोडलं. २००७ मध्ये ईगल धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला, आणि २०१८-१९ च्या मोजणीचा अंदाज ७१ हजारांवर जोडप्यांचा आहे. आधी सोडावं लागलं, मग पस्तीस वर्षं वाट पाहावी लागली.

रविवारी सकाळी, तिकडची संध्याकाळ गाठून, दादाला फोन केला. "दादा, जेवलास का?" याच्या पुढे मला काही सुचेना. तोही थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "वहिनी भाकरी करतेय. बोल." मी म्हटलं, पडवीचा कागद करू. त्याने लगेच हो म्हटलं नाही. म्हणाला, "दिवाळीला ये. समोर बसून करू." राग माझाही सगळा गेलेला नाही, त्याचाही नसणार. पण रविवारी रात्री मी झोपलो.

आजची साधना एवढीच. ज्या गोष्टीवरून मनात भांडण चालू आहे अशी एक गोष्ट आठवा. कोण हिसकावतंय ते क्षणभर राहू द्या. शांत बसा, लांबून बघा, आणि लेकीचा प्रश्न स्वतःला विचारा. मासा कुठे चाललाय?

घरट्याकडे चालला असेल तर पंख घट्ट ठेवा, पांडुरंग बळ देईल. फांदीकडे चालला असेल तर पंजा सैल करायची बुद्धीही तोच देईल.

उद्या बालक.

रामकृष्ण हरी.