जुईला हाक मारण्याआधी



घरात कुत्रीचे पिल्लू आले की नावाची चर्चा रंगते. मादी असली की बहुधा फुलाचेच नाव सुचते : जुई, चंपा, शेवंती. यात नैतिक प्रश्न तो कोणता, असे कोणी म्हणेल. आपण थोडा विचार करू या.

संतांची नावे आपण स्नानसंस्काराच्या वेळी लेकरांना देतो. ती प्राण्याला द्यायला मन धजत नाही. फुलाचे नाव मात्र निरुपद्रवी वाटते. पण मराठीत जुई, चंपा, शेवंता ही आपल्या आयाबहिणींचीही नावे आहेत. घरी कामाला शेवंताबाई येत असतील आणि त्यांच्यादेखत ‘शेवंते, हो बाहेर!’ असे आपण कुत्रीवर खेकसलो, तर अपमान कोणाचा होतो? फुलाचा नव्हे. बाई काही बोलणार नाहीत. म्हणूनच आपण अधिक जपले पाहिजे.

हे झाले शेजाऱ्याचे. आता त्या मुक्या जिवाचे. उत्पत्तीच्या पुस्तकात मानवाने प्राण्यांना नावे दिली (२:१९). पण त्याआधीच परमेश्वराने बागेची मशागत व राखण त्याच्याकडे सोपविली होती (२:१५). राखण आधी, नाव नंतर. नाव म्हणजे मालकीचा शिक्का नव्हे, सांभाळण्याचा शब्द.

ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने बजावले, की भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचे तर त्यांना रीतसर दत्तक घ्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली. दयेची अशी सक्ती करता येते का, यावर वाद होऊ शकतो. पण जिला आपण होऊन जुई म्हटले आणि जी त्या हाकेला धावू लागली, तिच्याबाबत वाद उरत नाही. रेबीजची लस, नागपूरच्या मे महिन्यात पाणी आणि सावली, म्हातारपणी अंगावरचे केस झडले तरी घरात जागा, हे सारे त्या नावातच आले.

मर्यादाही आहे. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (२४१८) सांगते, की प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही. तसेच माणसांचे दुःख निवारण्यासाठी आधी द्यायचा पैसा त्यांच्यावर खर्च करणेही शोभत नाही. जुईला महागडे बिस्किट आणि शेवंताबाईंचा पगार मात्र थकलेला, असे होऊ नये.

तेव्हा नाव ठरविण्याआधी फाटकात उभे राहून ते एकदा मोठ्याने उच्चारावे. कोणी बाई वळून पाहील असे वाटले, तर सदाफुली, गुलबक्षी अशी दुसरी फुले आहेतच. आणि बारा वर्षांनीही हीच हाक तितक्याच मायेने मारू का, हे स्वतःला विचारावे.