मुलींच्या स्वतंत्र शाळांचा प्रश्न

मुलींनीं मुलांबरोबर शिकावें कीं निराळें, हा वाद आपल्याकडे जुना आहे; परंतु तो बहुधा पुण्यामुंबईच्या दृष्टीनें चालतो. जेथें चार शाळा हाकेच्या अंतरावर आहेत तेथें ही आवडीनिवडीची गोष्ट ठरते. धाराशिव जिल्ह्यांत मुलीनें कोणत्या शाळेंत जावें असा प्रश्न पुष्कळदां नसतोच. ती सातवीच्या पुढें शाळेंत जाणार कीं नाहीं, एवढाच असतो.

हा जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. 1916 सालीं अण्णासाहेब कर्व्यांनीं महिला विद्यापीठ काढून स्त्रियांस मराठींतून उच्च शिक्षण देण्यास आरंभ केला. दोनच वर्षांनीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें, तें उर्दूंतून शिकवूं लागलें. देशी भाषेंतून विद्या द्यावी ही दोन्ही ठिकाणची इच्छा स्तुत्य खरी. परंतु धाराशिवच्या मराठी मुलीस पहिलें विद्यापीठ परराज्यांतलें आणि दुसरें परभाषेंतलें. ती उणीव अद्याप पुरती भरून निघालेली नाहीं.

आजहि अनेक खेड्यांतली शाळा चौथीला किंवा सातवीला संपते, आणि पुढें दुसऱ्या गांवीं जावें लागतें. मुलींना एस. टी.चा मोफत पास मिळतो, ही मोठीच सोय. पण पासानें बापाच्या मनांतली धास्ती जात नाहीं. कळंब, भूम, परांडा या बाजूंचीं कितीतरी कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस बाहेर पडतात. वयांत आलेली मुलगी मागें कोणाच्या स्वाधीन करावी हें न सुचून तिला फडावर बरोबर नेतात, नाहीं तर तिचें लग्न उरकून टाकतात. अशा बापास ‘मुलींची शाळा आहे, तेथेंच वसतिगृह आहे, बाई आहेत’ असें सांगतां आलें तर तो कदाचित् ऐकतो. सहशिक्षणाचें तत्त्वज्ञान त्याच्यापुढें मांडून उपयोग नसतो.

येथें विचारी मनुष्य अडखळतो. बापाची भीति वाटेवरच्या टवाळांमुळें आहे. दोष मुलग्यांचा, आणि जागा बदलावयाची ती मुलींनीं! स्वतंत्र शाळा काढणें म्हणजे या भीतीस मान्यता देणें नव्हे काय? हा आक्षेप खोटा नाहीं, आणि तो हंसण्यावारीं नेणाऱ्यांशीं माझें जमत नाहीं. मुलग्यांस वळण लावण्याचें काम कन्याशाळेनें तिळभरहि पुढें सरकत नाहीं. तथापि समाज सुधारण्यास एखादी पिढी लागेल, आणि मुलीचें बारावें वर्ष एकदांच येतें. तत्त्व राखण्याची किंमत जिला मोजावी लागणार ती निराळी, आणि ती मोजावी असें ठरविणारे निराळे, हें मला न्याय्य वाटत नाहीं.

गुणांचा दाखला मात्र देऊं नये. 2014 सालीं 21 देशांतील 184 अभ्यास एकत्र तपासण्यांत आले, तेव्हां विद्यार्थ्यांची निवड व घरची स्थिति जेथें नीट लक्षांत घेतली होती तेथें दोन्ही प्रकारच्या शाळांच्या फलांत फारसें अंतर दिसलें नाहीं. लाभ आहे तो दुसराच. मिश्र शाळेंत स्नेहसंमेलन आलें कीं रांगोळी व स्वागतगीत मुलींकडे, मंडप, ध्वनिक्षेपक व हिशेब मुलांकडे, अशी वांटणी कोणी न सांगतां होऊन जाते. जेथें मुलगेच नाहींत तेथें दिव्याची तार जोडण्यापासून वर्गणीच्या वहीपर्यंत सर्व मुलींनाच पाहावें लागतें. आणि एकदां हातून झालेलें काम मग ‘आपलें नव्हे’ असें वाटत नाहीं.

परंतु हें सर्व शाळा काय शिकवते यावर अवलंबून आहे. 1884 सालीं रानडे, भांडारकर प्रभृतींनीं पुण्यास मुलींचें हायस्कूल काढलें, तीच आजची हुजूरपागा. टिळकांच्या पत्रांनीं तीवर टीका केली, ती शाळा निराळी होती म्हणून नव्हे; तींत मुलींना मुलांसारखें इंग्रजी शिक्षण मिळणार होतें म्हणून. भिंत चालत होती, भिंतीआंतलें समान ज्ञान चालत नव्हतें. ब्रह्मदेशांत राहणाऱ्या पित्यानें सातव्या वर्षीं या शाळेंत पाठविलेली एक मुलगी पुढें फर्ग्युसन कॉलेजांत व नंतर बर्लिनला गेली. त्याच इरावतीबाई कर्वे. त्यांच्या सासऱ्यांच्या विद्यापीठानें स्त्रियांसाठीं निराळा अभ्यासक्रम पत्करला, त्यामागची कळकळ वंद्यच. परंतु निराळा अभ्यासक्रम म्हटला कीं जग तो हलकाच समजतें, ही अडचण कळकळीनें सुटत नाहीं.

तेव्हां धाराशिवच्या एखाद्या तालुक्यांत कन्याशाळा निघाली तर तिच्या कुंपणाची उंची पाहूं नये. प्रयोगशाळेला कुलूप तर नाहीं ना तें पाहावें, गणित कोण शिकवतें तें विचारावें, आणि दहावीनंतर तेथल्या किती मुली मिश्र महाविद्यालयांत गेल्या व किती मांडवांत, याची वही मागून घ्यावी.