जोड कशाने टिकतो

वाहन म्हणजे त्याच्या भागांची बेरीज, की त्या भागांहून निराळी अशी एक वस्तू, हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानात फार जुना आहे. त्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात सापडते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, याची भिक्षू नागसेनाशी गाठ पडते. ‘नागसेन’ हे केवळ बोलण्यापुरते नाव आहे, त्यामागे कोणी व्यक्ती सापडत नाही, असे भिक्षू म्हणतो आणि राजाला ते पटत नाही. तेव्हा नागसेन राजाच्याच रथाची चौकशी सुरू करतो. दांडी म्हणजे रथ का? आस? चाके? सांगाडा? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नकार देतो. सगळे मिळून? तेही नाही. यांच्याखेरीज दुसरे काही? तेही नाही. अखेर राजाच कबूल करतो की, या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव व्यवहारात येते. हाच न्याय नागसेन माणसाला आणि त्याच्या पाच स्कंधांना, म्हणजे देह-मनाच्या पाच घटकसमूहांना, लावतो. मराठी वाचकाला ही दोन्ही नावे परकी नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेले महाविद्यालय ‘मिलिंद’ या नावाने ओळखले जाते आणि त्याचा परिसर ‘नागसेनवन’ म्हणून.

नागसेनाच्या यादीत एक भाग मात्र नाही. आसाच्या टोकाला ठोकलेली आणि चाक निसटू न देणारी खीळ त्याने विचारलीच नाही. ही उणीव किरकोळ नव्हे. सातव्या शतकात बौद्ध आचार्य चंद्रकीर्तीने ‘मध्यमकावतारा’च्या सहाव्या प्रकरणात रथाची सात अंगांनी तपासणी केली. केवळ समुदाय म्हणजे रथ असेल, तर सुट्या भागांच्या ढिगालाही रथ म्हणावे लागेल, हे त्याने नेमके पकडले. मग रथाचा आकार म्हणजे रथ का, हाही प्रश्न घेऊन त्याने तो फेटाळला. पण आकार म्हणजे मांडणी, आणि मांडणी व बांधणी यांत मोठे अंतर आहे. सगळे भाग जागच्या जागी ठेवले, एकही खीळ घातली नाही, तरी रथाचा आकार तंतोतंत जुळतो. बैलांनी पहिला हिसका दिला की तो रथ राहत नाही.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, हा हिसकाच प्रमाण म्हणून पुढे केला. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ मानण्याचे एक कारण दिले आहे: धरणे आणि ओढणे शक्य होते म्हणून. एक टोक धरून ओढले की सबंध वस्तू येते. वाळूचा ढीग असा ओढता येत नाही. ज्याअर्थी एका भागाला लावलेला जोर साऱ्या भागांपर्यंत पोचतो, त्याअर्थी तिथे एक वस्तू आहे, असा हा युक्तिवाद. भाष्यकार वात्स्यायनाचा प्रामाणिकपणा असा की, याच ठिकाणी तो सर्वांत अवघड आक्षेपही नोंदवतो. गवताची काडी, दगड आणि लाकूड लाखेने एकत्र चिकटवले तर त्यांतूनही एक धरून सगळे ओढता येते. पण तिथे कोणी नवी वस्तू जन्मली असे म्हणत नाही. मग धरणे-ओढणे ही करामत अवयवीची, की नुसत्या चिकटण्याची? हा आक्षेप आजही तितकाच ताजा आहे, कारण रस्त्यावर धावणारे प्रत्येक वाहन लाखेच्या जागी बोल्ट, क्लॅम्प आणि ब्रॅकेट यांवर उभे आहे.

मालट्रकच्या मागच्या चाकांजवळ वाकून पाहिले तर हा प्रश्न डोळ्यांसमोर उलगडतो. एकावर एक रचलेले कमानपाटे, त्यांना आरपार जाणारा सेंटर बोल्ट, आणि पाट्यांची चवड अ‍ॅक्सलला जखडणारे इंग्रजी ‘यू’च्या आकाराचे जाड बोल्ट. पाहणाऱ्याला वाटते, मधला बोल्ट आरपार गेला आहे, म्हणजे तोच सगळे धरून ठेवत असणार. प्रत्यक्षात सेंटर बोल्टचे काम पाटे आणि अ‍ॅक्सल एका रेषेत बसवण्याचे आहे. खरी पकड यू-बोल्टची. नट आवळला की यू-बोल्टचे दोन्ही पाय केसभर ताणले जातात. ताणलेले पोलाद आखडू पाहते, त्या ओढीने पाटे अ‍ॅक्सलच्या बैठकीवर दाबले जातात, आणि त्या दाबामुळे होणारे घर्षण पाट्यांना सरकू देत नाही. यू-बोल्ट सैल पडले तर सरकवणारा सगळा जोर बिचाऱ्या सेंटर बोल्टवर येतो. तो कातरला जातो, अ‍ॅक्सल मागेपुढे सरकतो आणि गाडी तिरकी धावू लागते. इथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पाना फिरवताना लावलेल्या जोरापैकी साधारण ९० टक्के जोर आट्यांमधले आणि नटाखालचे घर्षण खाऊन टाकते. बोल्ट ताणायला उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. पण आवळताना आड येणारे हेच घर्षण नटाला आपोआप उलटा फिरू देत नाही.

आता या जोडाचे तात्त्विक स्वरूप काय? न्यायाच्या जोडीचे दर्शन मानणाऱ्या वैशेषिकांनी दोन संबंध मानले. ‘संयोग’ हा गुण आहे. तो क्रियेने उपजतो आणि विभागाने नाहीसा होतो. ‘समवाय’ नित्य आहे आणि अवयवी आपल्या अवयवांत समवायाने राहतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात समवायावर जो घाव घातला तो प्रसिद्ध आहे. दोन गोष्टी जोडायला समवाय ही तिसरी गोष्ट लागत असेल, तर समवायाला त्या दोहोंशी जोडायला आणखी एक समवाय लागेल, त्यालाही आणखी एक. या अनवस्थेला अंत नाही. इंग्लंडमध्ये तत्त्वज्ञ एफ. एच. ब्रॅडली याने १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात संबंधमात्राविरुद्ध जवळपास हीच तक्रार मांडली.

गॅरेजमध्ये ही अनवस्था अक्षरशः दिसते. अ‍ॅक्सलला धरायला यू-बोल्ट, यू-बोल्टला धरायला नट, नटाला धरायला चेक नट किंवा वायसर. तरीही मालिका अनंत होत नाही, कारण शेवटी जे धरते तो सुटा भाग नसतोच. ताण त्या पोलादातच आहे आणि घर्षण त्याच दोन पृष्ठभागांमध्ये आहे. ते काढून हातावर ठेवता येत नाही, म्हणून त्याला जोडायला आणखी काही लागतही नाही. शंकराचार्यांचा आक्षेप समवायाला स्वतंत्र पदार्थ मानणाऱ्यांवर अचूक बसतो. जोड म्हणजे जोडलेल्यांचीच एक अवस्था मानली, तर तो लागू पडत नाही. म्हणून या वादात वैशेषिकांचा साधा, अनित्य संयोग हा त्यांच्या नित्य समवायापेक्षा अधिक भरवशाचा ठरतो.

या संयोगात एकजीव होणे मात्र नसते. सायलेन्सर ज्या ब्रॅकेटला टांगलेला असतो तिथे मध्ये रबर घातलेले असते. इंजिनही रबरी माउंटिंगवर बसवलेले असते. तापलेला पाइप लांबतो, इंजिन थरथरते. त्यांना कडक जखडले तर ब्रॅकेटलाच तडा जातो. धरणे आणि अंतर राखणे ही दोन्ही कामे एकच तुकडा करतो.

मिलिंदाच्या संवादात खिळीचा उल्लेख नसला, तरी बौद्ध वाङ्मयाला ती ठाऊक होती, आणि तिचा विचार तिथे थेट माणसापर्यंत नेलेला आहे. ‘सुत्तनिपाता’तल्या वासेट्ठसुत्तात प्राणी कर्माने बांधलेले आहेत असे सांगताना दाखला दिला आहे तो चालत्या रथाच्या खिळीचा. दाखल्यातला रथ चालता आहे, कारण उभ्या रथाला खिळीची गरज भासत नाही. ‘अंगुत्तरनिकाया’च्या चतुक्कनिपातात हीच खीळ समाजाला लावली आहे आणि लोकांना एकत्र धरणाऱ्या चार गोष्टी नावानिशी सांगितल्या आहेत: दान, प्रिय वचन, दुसऱ्याच्या हिताचे आचरण आणि समान वागणूक. त्या नसत्या तर आईला आणि बापाला मुलाकडून मान मिळाला नसता, असेही तिथे म्हटले आहे.