विकण्याची हाव नसलेले दुकान

दारू वाईट की दारू पिणारा वाईट, हा वाद आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून सुधाकराच्या अधःपाताला जबाबदार कोण यावर घरोघरी तावातावाने बोलले गेले. कोणी त्याच्या मानी स्वभावाला दोष दिला, कोणी तळीरामाला. बाटली विकून ज्याने पैसे मोजून घेतले त्या दुकानदाराची मात्र कोणी फारशी आठवण काढली नाही. स्वीडनमध्ये येऊन राहिल्यावर हे उणे माझ्या ध्यानात आले. कारण इथे या प्रश्नाला हात घातला गेला तो विकणाऱ्याच्या बाजूने.

१८६५ साली योटेबोर्ग शहराने दारूची विक्री एका कंपनीच्या हाती दिली. भागीदारांनी माफक व्याज घ्यावे आणि वरचा नफा लोकोपयोगी कामाला द्यावा, अशी अट होती. विकणाऱ्याचा लोभ काढून घेतला तर पिणाऱ्याचा निम्मा मोह आपोआप ओसरेल, असा त्यामागचा हिशेब. पुढे १९१४ साली इव्हान ब्रात या डॉक्टरने स्टॉकहोममध्ये दारूचे रेशन-पुस्तक सुरू केले. दारूबंदीच हवी म्हणणारेही थोडेथोडके नव्हते. १९२२ च्या सार्वमतात ते एकोणपन्नासास एक्कावन्न टक्के अशा निसटत्या फरकाने हरले. पुस्तक राहिले. ते कोणाला द्यायचे आणि महिन्याला किती द्यायचे हे माणूस पाहून ठरे; विवाहित स्त्रीला ते सहसा मिळतच नसे. लोभ काढून घेतला खरा, पण त्याच्या जागी साहेबी येऊन बसली, आणि ती लोभापेक्षा बरी असे मी म्हणणार नाही. १ ऑक्टोबर १९५५ रोजी ते पुस्तक बंद झाले आणि गावोगावच्या कंपन्या मिळून ‘सिस्टेमबोलागेट’ ही एकच सरकारी कंपनी झाली. आपल्या मुंबई राज्यात तेव्हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा अंमल जोरात होता. ‘परमिट रूम’ हा शब्द त्याचीच खूण म्हणून आपल्याकडे उरला आहे.

आज साडेतीन टक्क्यांहून कडक असे काहीही घरी न्यायचे तर या कंपनीचीच पायरी चढावी लागते. वय वीस पुरे हवे. शनिवारी तीनला दार बंद, रविवारी तर उघडतच नाही. बिअर थंड करून ठेवलेली नसते. ‘दोन घ्या, तिसरी फुकट’ अशी पाटी औषधालाही सापडायची नाही. मटणाच्या तिखट रश्श्याबरोबर काय चालेल, असे मी एकदा तिथल्या माणसाला विचारले. रस्सा किती तिखट असतो याची त्याने बारकाईने चौकशी केली आणि माझ्या हातातली बाटली जागेवर ठेवून तिच्याहून स्वस्त बाटली काढून दिली. गिऱ्हाइकाचा खिसा हलका करण्यात ज्याला गोडी नाही, असा दुकानदार मला आयुष्यात प्रथमच भेटला. त्या रात्रीचे जेवण फार सुखाचे झाले.

पण शनिवारी तीननंतर न पिणे हा काही सद्गुण नव्हे. आपल्याकडचा माणूस गटारीला मनसोक्त पिऊन श्रावण पाळतो, त्याला आपण हसतो. तरी तो पाळतो ते स्वतः. इथे कुलूपच पाळते. शिवाय मी आठवड्याकाठी दोन पेले घेणारा माणूस. कोणा अनोळखी माणसाला आवरता येत नाही म्हणून मी शुक्रवारीच रविवारच्या जेवणाचा बेत का आखावा?

याचे उत्तर मला फराळाच्या डब्यात सापडते. घरात आजोबांना मधुमेह असला की लाडवांचा डबा वरच्या फळीवर जातो. नातवंडांना काही मधुमेह नसतो, पण त्यांनाही स्टूल ओढावे लागते. तेवढ्यावरून आपल्या स्वातंत्र्यावर घाला आला असे कोणी म्हणत नाही, कारण आजोबा आपले असतात. वीस-बावीस वर्षांचा एखादा अनोळखी पोरगा, शनिवारी रात्री हातातली बाटली संपली म्हणून दुसरी शोधत फिरणारा, तो मला आपला वाटतो का, एवढाच मग प्रश्न उरतो. तो वाटावा असे मला वाटते. नेहमी वाटतोच असे नाही.

आणि एक गोष्ट खटकते. ज्याच्याकडे मोटार आहे तो जर्मनीच्या सीमेवरून पेट्याच्या पेट्या भरून आणतो. बोटीने ऑलांडला जाऊन येणारेही परतताना रिकाम्या हाताने येत नाहीत. म्हणजे फळी उंच झाली ती ज्यांची ऐपत बेताची, त्यांच्यापुरती.

१ जून २०२५ पासून तर लहान उत्पादकांना आपल्या जागेवरच थोडी दारू विकायची मुभा मिळाली आहे. त्यांचे पोट तिच्यावर, तेव्हा विकण्याची हौस आलीच. म्हणून कायद्याने एक अट घातली आहे: गिऱ्हाइकाने आधी पैसे भरून त्या दारूविषयीचे व्याख्यान ऐकावे किंवा कारखान्यातून फेरी मारावी, मगच बाटली मिळेल, बिअर वा वाइन तीन लिटरपर्यंत, त्याहून कडक असेल तर पाऊण लिटरही नाही. आधी कीर्तन, मग प्रसाद. परवा शेजारचे एक वयस्क गृहस्थ असे व्याख्यान तासभर ऐकून आले. व्याख्यान कसे होते म्हणून विचारले, तर म्हणाले, पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे.