दशांश चिन्हाचा माज

बसा. आधी लॅपटॉप मिटा. तो लाल-पिवळा नकाशाही भिंतीवरून काढा. एकदा पाहिला, तेवढा पुरे झाला.

‘शेलूबाजार परिसरातील अतिवृष्टीजन्य पीकहानीचे संगणकीय प्रारूप’ असं तुमच्या प्रकल्पाचं भारदस्त नाव, गुळगुळीत कागद आणि पहिल्याच पानावर ठळक निकाल: नुकसान ३८.४७ टक्के. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक तिघं पंचनाम्याला वावरात येतात, तेव्हा त्यांनाही एवढंच ठरवायचं असतं की नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे की खाली. तेवढ्यावरूनही धुऱ्यावर आवाज चढतात. आणि तुम्ही पंख्याखाली बसून टक्क्याचा शंभरावा भाग मोजलात! कुठून आली ही अचूकता? भागाकारातून आली. संगणकाला भाग द्यायला सांगितला की तो दहा आकडे देईल. त्यातले आठ खोडायची अक्कल माणसानं आणायची असते.

मी एकच प्रश्न विचारला होता. अडाण नदीच्या काठाला गेला होता का? सगळ्यांच्या माना खाली. एकानं मात्र उत्तर दिलं, ‘सर, उपग्रहाचा डेटा वापरला, जायची गरज पडली नाही.’ ते वाक्य ऐकलं आणि आज तुम्हाला असं सोडायचं नाही हे ठरलं.

३३ टक्के म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. आपत्ती निवारण निधीतून मदत मिळायला पिकाचं निदान एवढं नुकसान लागतं. २०१५ पर्यंत हीच अट ५० टक्क्यांची होती. कोरडवाहू पिकाला केंद्राच्या निकषानं हेक्टरी ८,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर राज्यानं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, मर्यादा तीन हेक्टरपर्यंत नेली, वर रब्बीसाठी हेक्टरी दहा हजार दिले. पण आत की बाहेर हे ठरतं त्या रेषेवरच. ३२ वाल्याला शून्य, ३३ वाल्याला पैसे. आता तुमच्या ३८ मध्ये चूक किती असू शकते? दोनाची, पाचाची, की पंधराची? प्रकल्पाच्या बत्तीस पानांत हा प्रश्न एकदाही नाही. चूक दहाची असेल तर खरं नुकसान २८ असेल, नाहीतर ४८. म्हणजे गावच्या गाव रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे. ज्या अंदाजाला स्वतःची चूक सांगता येत नाही, तो परीक्षेत गणित न सोडवता उत्तर लिहिणाऱ्या पोराइतकाच विश्वासाचा.

पाणी कुठं साचतं हे तुम्ही काढलंत जमिनीच्या उंचीवरून. ही उंची फुकट मिळाली म्हणून खुशीत होतात. ती कधीची, पाहिलंत? फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर यानानं अकरा दिवस रडार फिरवून घेतलेली मोजमापं आहेत ती. त्यातला एक चौकोन तीस मीटर बाय तीस मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. नऊ गुंठ्यांना एकच उंची! तुमच्या वावराच्या कडेनं जाणारा चार-पाच हात रुंदीचा नाला त्या चौकोनात कुठं दिसणार? आणि २००० साली समृद्धी महामार्ग होता का रे? नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. शेलूबाजारवरून जाणारा तो उंच भराव तुमच्या नकाशाला माहीतच नाही. नकाशातलं पाणी महामार्गाच्या आरपार वाहत जातं, जणू रस्ता हवेत टांगलेला आहे. भरावाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबतं का, मोरीच्या तोंडाशी कुणाची जमीन खरडली, हे विचारायला कुठलं यान लागत नाही. सायकल पुरते.

पावसाचा आकडा तरी? तोही महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राचा. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. हे केंद्र मंडळात एका जागी उभं, आणि मंडळात गावं कितीतरी. पाऊस कसा पडतो हे वऱ्हाडातल्या पोरांना मी सांगायचं? नाल्याच्या या अंगाला धो धो, त्या अंगाला धूळ उडतेय. केंद्रावर ६१ आला म्हणून नाल्याच्या या अंगाचं शेत वाचलं असं होत नाही. तुम्ही मात्र तो एक आकडा सगळ्या शिवारावर रंगासारखा फासला.

आता उपग्रह. इथं मला जास्त राग आहे, कारण इथं तुम्ही शिकलेलंसुद्धा वापरलं नाही. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. दोन्हींची तुलना करून हिरवेपणाचा निर्देशांक निघतो. वर्गात शिकवलं, पाठही झालं. पण खरिपात आभाळ भरलेलं असतं आणि ढगांखालचं या कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून तुम्ही निरभ्र दिवस शोधलात. तो मिळाला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. त्या दिवशी हिरवेपणा कमी दिसला आणि तुम्ही शिक्का मारला: नुकसान.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे सोयाबीनचं काय चालू असतं? जूनच्या शेवटी पेरलेलं, शंभर दिवसांच्या आतबाहेर येणारं वाण तोवर पिवळं पडून पानं गाळतं. सोंगणी चालू असते. चांगलं पिकून वाळलेलं सोयाबीन, कालच सोंगलेलं रिकामं वावर आणि मुळं सडून मेलेलं पीक, तिन्ही वरून सारखीच तपकिरी दिसतात. तुम्ही तिन्हींना एकच रंग दिला. ज्याच्याकडे भरपूर पीक आलं, घरातल्या बायांनी रोजंदारी लावून वेळेत सोंगून घेतलं, तो तुमच्या नकाशात बुडाला.

आणि उलटही झालंय. आपल्याकडे सोयाबीनच्या ओळींत तूर असते. सोयाबीन चिभडून गेलं तरी तूर उभी राहते, हिरवीगार. वरून पाहणाऱ्याला वावर छान दिसतं. म्हणजे ज्याचं मुख्य पीक गेलं, तो तुमच्या हिशेबात सुखरूप! शेंगांना झाडावरच कोंब फुटले तर? सुडी लावलेली भिजून काळी पडली तर? शेंगेच्या आतला दाणा पाहणारा उपग्रह अजून निघायचा आहे. २०२३ साली विदर्भात पिवळ्या मोझॅकनं सोयाबीन पिवळं पडलं होतं. तुमच्या पद्धतीनं तो रोग आणि पिकाची पक्वता यांत फरकच करता आला नसता. ढगांतून पाहणारं रडार असतं, हेही तुम्हाला माहीत होतं. त्यात उभं पाणी दिसतं. पण पाणी दोन दिवसांत ओसरलं आणि उपग्रह त्यानंतर आला, तर गुदमरलेल्या मुळांची खूण त्याला कुठून मिळणार?

हा सगळा खेळ प्रदर्शनातल्या बक्षिसापुरता असता तर मी चार गुण कापून सोडून दिलं असतं. पण तुम्ही शेवटच्या पानावर लिहिलंत, ‘हे प्रारूप विमा भरपाईसाठी वापरता येईल.’ इथं हिशेब करू या. वही काढा. पीक विम्यात गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांचं सरासरी उत्पन्न घेतात, त्याचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. समजा तो उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आला आणि यंदा मंडळात ७ क्विंटल पिकलं. तूट ३ क्विंटल, म्हणजे ३० टक्के. विमा रक्कम सोयीसाठी ५०,००० धरा. भरपाई हेक्टरी १५,०००. आता प्रारूपानं चुकून ७ ऐवजी ८ क्विंटल दाखवले तर? भरपाई १०,०००. एका क्विंटलच्या चुकीनं हेक्टरी पाच हजार गेले. केंद्राच्या येस-टेक पद्धतीत उपग्रह आणि प्रारूपातून काढलेल्या उत्पन्नाला किमान ३० टक्के वजन आहे. आधी भात आणि गहू, २०२४ च्या खरिपापासून सोयाबीनही. तेवढंच वजन धरलं तरी हेक्टरी दीड हजार रुपये एका क्विंटलच्या चुकीत जातात. कुणाच्या खिशातून? प्रारूप लिहिणाऱ्याच्या नाही. आणि राज्यानं २०२५ च्या खरिपापासून स्थानिक आपत्तीचं नि काढणीनंतरच्या नुकसानीचं कलम विम्यातून काढल्यावर एकेकट्या वावराची दादफिर्याद संपली; आता मंडळाची सरासरी काय म्हणते तेवढंच. सरासरी चुकली की सगळं मंडळ चुकलं.

आता थोडं घरचं. कुठल्या वावरात कुठलं पीक, ही माहिती तुम्ही ई-पीक पाहणीतून घेतली. चांगलं केलंत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून नोंद करायची आहे. पण तुमच्याच घरची नोंद कुणी केली? कुणाच्या चुलतभावानं, कुणाच्या मोबाइलवाल्या शेजाऱ्यानं. तूर-सोयाबीन मिश्र असताना नुसतं सोयाबीन, कारण ‘मिश्र’ निवडायला दोन पानं जास्त. फोटोला गटाजवळ उभं राहावं लागतं म्हणून रस्त्यावरूनच कॅमेरा रोखला. बाप विचारतो, ‘झालं का रे?’ पोरगं म्हणतं, ‘झालं, बाबा.’ त्याच पोरानं केलेली खोटी नोंद पुढं संगणकात जाते, आणि तेच पोरगं वर्गात येऊन म्हणतं, संगणक चुकत नाही! बरोबर, नाही चुकत. तुम्ही जे घातलंत तेच त्यानं प्रामाणिकपणे परत केलं.

घरांच्या पडझडीचा तक्ता तर तुम्ही अमेरिकेच्या हॅझस या प्रणालीतून उचलला. इतक्या फूट पाण्याला इतकं टक्के नुकसान. तिथली घरं लाकडी सांगाड्याची, खाली तळघर. आपल्या वस्तीतल्या मातीच्या भिंतीला कमरेएवढं पाणीही लागत नाही. पाया दोन दिवस ओला राहिला की भिंत पाणी ओसरल्यावर खाली बसते. तुमच्या तक्त्यात ते घर ‘नुकसान १२ टक्के’ आहे. राहणाऱ्याला विचारा, उरलेल्या ८८ टक्क्यांत तो झोपतोय का.

घर कशाचं आहे हे न पाहण्याची किंमत महाराष्ट्रानं मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी हादरली. देशाच्या भूकंप नकाशावर तो भाग सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छत; सुमारे आठ हजार माणसं गेली. २००२ साली नकाशातलं ते पहिलं क्षेत्रच रद्द झालं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. धोकादायक गावांच्या यादीत ती वाडी नव्हती. नकाशात नाही म्हणजे धोका नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही दोन नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत.

म्हणजे सॉफ्टवेअर वाईट, असं मी म्हणतोय असं घरी जाऊन सांगू नका. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू चक्रीवादळ फ्लोरिडावर आदळलं, तेव्हा कॅरन क्लार्क नावाच्या बाईंच्या संस्थेनं काही तासांत अंदाज पाठवला: विमा कंपन्यांचं नुकसान १,३०० कोटी डॉलरांवर जाईल. ऐकणाऱ्यांना तो अवाच्या सवा वाटला. शेवटी आकडा गेला १,५५० कोटींच्या घरात आणि अकरा कंपन्या बुडाल्या. कंपन्या मागच्या वर्षांच्या सरासरीवर बसून होत्या. बाईंनी किनाऱ्यावर आता कुठं कशी घरं उभी आहेत, त्यांची किंमत काय, वारा कुठून येणार, हे मोजलं होतं. प्रारूप तेव्हा कामाचं ठरलं ते आजची वस्ती त्यात धरली म्हणून. तुम्ही नेमकं तेवढंच सोडलंत.

आपल्याकडेही अशा प्रारूपाचं काम आहे, आणि मोठं आहे. पाऊस थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी कुठल्या गावात पथक आधी धाडायचं, कुठल्या मोरीपाशी पाणी तुंबलं असेल, कोणाचा रस्ता तुटला असेल, हे ते पंचनाम्याच्या आधी सांगू शकतं. कोणाचं किती गेलं याचा शेवटचा शब्द त्याच्याकडे देऊ नका. एवढी साधी मर्यादा तुमच्या लक्षात यायला हवी होती. बारावीत आहात, बालवाडीत नाही.

आता काय करायचं ते लिहून घ्या. शिवारातले तीस गट चिठ्ठ्या टाकून निवडा. रस्त्याच्या कडेचे, मोटारसायकल जाईल तेवढेच निवडायचे नाहीत. प्रत्येक वावरात जा. पेरणीची तारीख, वाण, तूर आहे का, पाणी किती दिवस उभं होतं, हे मालकाला विचारा. मालक नसेल तर निंदणाऱ्या बाईला विचारा, तिला बहुधा जास्त माहीत असतं. झाड उपटून मूळ पाहा, शेंग फोडून दाणा पाहा. मग तुमचा नकाशा त्या तीस ठिकाणी किती वेळा खोटा ठरला ते मोजा, आणि ती संख्या पहिल्या पानावर निकालाएवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. चूक जास्त निघाली तर लाज वाटायचं कारण नाही. लपवली तर मात्र गाठ माझ्याशी आहे.

प्रदर्शनाची तारीख जवळ आली आहे, मला ठाऊक आहे. ती चुकली तर चुकू द्या. तीस गटांची वही हातात आल्याशिवाय या प्रकल्पावर माझी सही होणार नाही.