सक्तीची वर्गणी न्याय्य आहे काय?

मानोऱ्याचा तरुण पुण्याच्या कारखान्यात कामास लागतो आणि पहिल्याच वेतनातून विम्याची वर्गणी कापलेली पाहून विचारतो, "मी धडधाकट आहे, दुसऱ्याच्या दुखण्याचा भार मजवर का?"

अशी सक्ती जर्मनीने सन १८८३ मध्ये केली. आपल्याकडे सन १९४८ च्या राज्य विमा कायद्याने सुरू झालेल्या योजनेत, ठरावीक मर्यादेपर्यंत वेतन असलेल्या कामगाराकडून शेकडा पाऊण रुपया व मालकाकडून सव्वातीन रुपये घेतात. आमच्या मते हा अन्याय नव्हे. कारण आजचा निरोगी उद्या खाटेवर नसेल, असे कोण सांगेल? शिवाय ही वर्गणी ऐपतीप्रमाणे आहे.

गावी शेतमजुरी करणाऱ्या त्याच्या बापाचे काय? त्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिला लोक फुकटची म्हणतात. परंतु साबणाची वडी घेताना तोही सरकारास कर देतो, आणि तो कर सावकारास व मजुरास सारखाच पडतो. खरा अन्याय शोधावयाचा तर येथे शोधावा.

म्हणून, बंधुजनहो, उपचार मागताना याचकाप्रमाणे मान खाली घालू नका. त्या पैशात तुमचाही वाटा आहे.